जिम सुलिव्हन (रग्बी लीग, विगन): माझे गुण ६११८ येतात, पुस्तकात ६०२२. चूक कुठे?

पानगळ:

मराठी ज्ञानकोशासाठी जिम सुलिव्हनवर नोंद लिहितो आहे. जन्म कार्डिफ, २ डिसेंबर १९०३; मृत्यू १९७७. इंग्लंडमधल्या विगन क्लबचा फुलबॅक (सगळ्यांच्या मागे उभा राहणारा), आयुष्यभर गोल मारणारा आणि नंतर प्रशिक्षक. इथपर्यंत अडचण नाही. आकड्यांशी आलो आणि गाडी रुतली.

१. एकूण कारकीर्द ९२८ सामने, २८६७ गोल, ९६ ट्राय. गोलाचे (खांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारलेली किक) २ आणि ट्रायचे (समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) ४ धरले की ६११८ होतात. छापील आकडा सगळीकडे ६०२२ आहे.

२. काही ठिकाणी सामने ९२८ ऐवजी ७७४ आणि गोल २३१७ दिले आहेत. यातलं खरं कुठलं?

३. एका सामन्यात २२ गोल, निकाल ११६-०. ही छपाईची चूक तर नाही ना?

४. प्रशिक्षक म्हणून सुरुवात एकीकडे १९३२, दुसरीकडे १९४६. त्यावर कडी म्हणजे एका यादीत "सुलिव्हन, कार्डिफ, १९७२ च्या विश्वचषकाचा कर्णधार" असंही आहे. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा असणार!

५. त्या काळी गोल मारायचे कसे, यावर नोंदीत दोन वाक्यं टाकायची आहेत. "अचूक किक मारत असे" यापलीकडे काही सांगता येईल का?

आकडेमोड:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच हिशोबात दडलंय. ६११८ मधून ६०२२ वजा करा. उरतात ९६, म्हणजे बरोबर ट्रायची संख्या. दर ट्रायमागे तुम्ही एक गुण जास्त धरलात.

ट्रायचे ४ गुण १९८३ पासून. त्याआधी ३ होते. म्हणून:

२८६७ × २ = ५७३४
९६ × ३ = २८८
एकूण ६०२२

दुसऱ्या प्रश्नातले आकडे फक्त विगन क्लबचे आहेत, आणि तेही असेच जुळतात. विगनसाठी ७७४ सामने, २३१७ गोल, ८३ ट्राय: ४६३४ + २४९ = ४८८३. विगनच्या नोंदीत ४८८३ च आहेत. जुन्या खेळाडूंचे आकडे कुठूनही उचलले तरी आधी हा गुणाकार करून बघायचा. जुळला नाही तर निम्म्या वेळा ट्रायची किंमत चुकलेली असते आणि उरलेल्या वेळा क्लब आणि एकूण यांची सरमिसळ झालेली असते.

दोन्हींमधला फरक १५४ सामने, ५५० गोल, १३ ट्राय. यात आंतरराष्ट्रीय सामने ६०: ग्रेट ब्रिटन २५, वेल्स २६, 'अदर नॅशनॅलिटीज' (इंग्लंडबाहेरच्या खेळाडूंचा संघ) ६, इंग्लंड ३. या साठांत १६० गोल. बाकीच्यांत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यांवरचे कसोटीखेरीजचे सामने येतात, आणि दुसऱ्या महायुद्धात तो इतर क्लबांकडून पाहुणा म्हणून खेळला तेही येतात. नोंदीत दोन वेगळ्या ओळी करा, "विगन" आणि "एकूण". एकाच ओळीत ९२८ सामने आणि २३१७ गोल लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते साफ चूक.

अजून एक खाच. रग्बी लीगमध्ये १८९७ पासून प्रत्येक गोलाचे २ च गुण होते, मग ते कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक) असो, पेनल्टी (समोरच्याच्या चुकीवर मिळालेली किक) असो की ड्रॉप गोल (खेळ चालू असताना चेंडू टप्पा देऊन मारलेला). (ड्रॉप गोलाचा १ गुण ही ब्रिटनमध्ये १९७४ नंतरची गोष्ट.) त्यामुळे २८६७ मध्ये कन्व्हर्जन किती आणि पेनल्टी किती हे बेरजेवरून निघत नाही. "२८६७ पेनल्टी मारल्या" असं कृपा करून लिहू नका. आपल्याकडे मुंबई जिमखान्यावर खेळतात ती रग्बी युनियन, पंधरा जणांची. तिथे पेनल्टीचे ३ आणि कन्व्हर्जनचे २, त्यामुळे मराठी वाचक तोच हिशोब इथेही लावणार. नोंदीच्या पहिल्याच परिच्छेदात "तेरा खेळाडूंची रग्बी लीग" एवढं तरी हवं.

आता ते २२ गोल. छपाईची चूक नाही. १४ फेब्रुवारी १९२५, चॅलेंज कपची (बाद पद्धतीच्या स्पर्धेची) पहिली फेरी, विगन विरुद्ध फ्लिंबी अँड फॉदरगिल. समोरचा संघ कंबरलंडमधला हौशी खेळाडूंचा. २२ गोलांचे ४४, उरले ७२, म्हणजे २४ ट्राय. हिशोब चोख बसतो. चॅलेंज कपमध्ये तेव्हा हौशी संघांनाही पहिल्या फेरीत जागा मिळे, म्हणून असे निकाल लागत. १९१४ मध्ये हडर्सफील्डने स्विंटन पार्क रेंजर्सला ११९-२ असं धुतलं होतं. तेव्हा ११६-० ला विक्रमी फरक म्हणायचं की नाही ते ११७ च्या फरकाकडे बघून ठरवा.

त्या एका दिवसापेक्षा मला १९२१-२२ ते १९३८-३९ हे सलग १८ हंगाम मोठे वाटतात. अठराच्या अठरा हंगामांत शंभरावर गोल. फ्लिंबीसारखा सामना जन्मात एकदा मिळतो. डिसेंबरातल्या चिखलात दर शनिवारी तीन गोल मारत राहणं ही वेगळी गोष्ट. ९२८ सामन्यांत २८६७ म्हणजे सामन्यामागे सरासरी ३.०९.

लंगडीपटू:

आकडेमोड यांनी हिशोब चोख मांडलाय, पण युद्धकाळातले पाहुणे सामने त्याच टोपलीत टाकणं मला पटत नाही. १९३९ नंतरची स्पर्धा आणीबाणीची होती. खेळाडू सैन्यात किंवा कारखान्यात, क्लब अर्धे बंद, आज या संघाचा माणूस उद्या त्या संघात. हे सामने अधिकृत धरले जातात हे खरं, पण नोंदीत एक ओळ तरी खुलाशाची द्या.

आता पाचवा प्रश्न. किकबद्दल लिहायचं तर आधी तो इतक्या वेळा किक का घेत होता हे सांगायला हवं. तीन कारणं आहेत आणि तिन्ही नियमांतली.

एक, टॅकलला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडण्याला) मर्यादा नव्हती. चार टॅकलचा नियम १९६६ चा, सहाचा १९७२ चा. त्याआधी पकडलेल्या खेळाडूने उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि संघाने पुन्हा धावायचं. चेंडू हातातून सुटेपर्यंत हे चालू. त्यामुळे समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायचे मार्ग थोडे, आणि घाईत ऑफसाइड होणारे बचावपटू बरेच. दोन, स्क्रम (दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या भिडून चेंडूसाठी रेटतात तो प्रकार) फार व्हायचे आणि स्क्रममध्ये हुकरची, म्हणजे पायाने चेंडू मागे ओढणाऱ्याची, लबाडी चालायची. तिथून पेनल्टी मिळत. तीन, पेनल्टीवर चेंडू टचबाहेर (बाजूच्या रेषेबाहेर) मारला तरी त्या काळी पुढे स्क्रमच, म्हणजे चेंडू पुन्हा अर्धा समोरच्याचा. मग मधल्या रेषेजवळून का होईना, थेट गोलावर मारणं फायद्याचं. लांब पल्ल्याचा किकर असणारा संघ स्वतःच्या हद्दीबाहेर पडला की गुणांच्या टप्प्यात आला. ७ ऑक्टोबर १९३३ ची बेल व्ह्यू, मँचेस्टरची पहिली कसोटी याचं नमुनेदार उदाहरण: ब्रिटन ४, ऑस्ट्रेलिया ०. एकही ट्राय नाही. चारही गुण सुलिव्हनच्या दोन गोलांचे.

आता प्रत्यक्ष किक. आजचे किकर तिरके धावत येतात आणि पायाच्या वरच्या भागाने चेंडू ओढतात. तेव्हा धाव सरळ रेषेत आणि मार बुटाच्या टोकाने. बूट घोट्याच्या वरपर्यंत चामड्याचे, पुढचं टोक कडक. चेंडू उभा ठेवायची प्लास्टिकची टी नव्हती. टाच जमिनीत रुतवून खळी करायची, मागच्या बाजूला मातीचा उंचवटा थापायचा, त्यात चेंडू उभा करायचा. चेंडूला वादी ओवलेली असे. वादीची बाजू खांबांकडे ठेवायची, म्हणजे बुटाचं टोक गाठीवर आदळत नाही आणि वादीची रेघ नेम धरायलाही कामी येते. टेकणीचा पाय चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर. डोकं खाली. मार चेंडूच्या खालच्या तिसऱ्या भागावर.

बिघडतं कुठे? बुटाचं टोक अरुंद, त्यामुळे स्पर्शाची जागा जेमतेम दोन बोटांची. मध्यापासून बोटभर सरकलं की चेंडू फिरकी घेत बाजूला जातो, आणि चाळीस मीटरवर ते बोटभर कित्येक मीटरचं होतं. टेकणीचा पाय चेंडूच्या मागे राहिला तर चेंडू नुसता वर चढतो, पुढे गेला तर आडव्या दांड्याखालून जातो. पावसात चामडं पाणी पितं. दुसऱ्या अर्धात तोच चेंडू जड झालेला असतो, आणि पहिल्या अर्धात पन्नास मीटरवरून जाणारी किक आता पोचत नाही. खळी चिखलात केली तर चेंडू हळूहळू कलतो. धाव सुरू केल्यावर कलला की संपलंच. वारा हा सगळ्यात शेवटचा मुद्दा. बऱ्याच चुकलेल्या किका वाऱ्याच्या नावावर खपतात, खरा दोष पाय घसरण्याचा असतो.

कोपऱ्यातून कन्व्हर्जन घेताना भूमितीही कळावी लागते. चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत हवं तितकं मागे जाता येतं. समजा ट्राय खांबांच्या मध्यापासून ३० मीटर बाजूला झालाय. २० मीटर मागे गेलात तर किकचं अंतर ३६ मीटर, पण साडेपाच मीटरचे खांब तिरके बघितल्याने जेमतेम ३ मीटरचे दिसतात. ४० मीटर मागे गेलात तर अंतर ५० मीटर, पण फट ४.४ मीटरची होते. ज्याच्या पायात ५० मीटर आहेत त्याला रुंद फट मिळते. इतरांना अरुंद फटीवरच भागवावं लागतं. सुलिव्हनसारख्या लांब मारणाऱ्याला कोपऱ्यातून इतके गोल कसे मिळत, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उत्तरवारा:

चौथ्या प्रश्नाची गंमत म्हणजे सुलिव्हन तीन आहेत.

जिम सुलिव्हन: हा आपला. कार्डिफ, फुलबॅक, विगन.

क्लाइव्ह सुलिव्हन: हाही कार्डिफचाच, पण विंगर (कडेने धावणारा), हल शहरातल्या दोन्ही क्लबांकडून खेळलेला. १९७२ च्या विश्वविजेत्या ब्रिटनचा कर्णधार हा. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

मिक सुलिव्हन: यॉर्कशायरचा, विंगर, ब्रिटनसाठी ४६ कसोटी. हा विगनकडून खेळला आणि पुढे सेंट हेलेन्सकडूनही. नेमक्या त्याच दोन क्लबांचा जिम प्रशिक्षक होता, त्यामुळे "सुलिव्हन, विगन, सेंट हेलेन्स" एवढंच दिसलं की लोक फसतात. वर्ष बघा. १९५७ नंतरच्या काही वर्षांत या दोन क्लबांकडून मैदानात धावणारा सुलिव्हन मिक असणार.

प्रशिक्षकपदाची १९३२ आणि १९४६ दोन्ही वर्षं आपापल्या जागी बरोबर आहेत. १९३२ पासून तो विगनचा खेळाडू-प्रशिक्षक. १९४६ ला खेळणं थांबलं, प्रशिक्षण चालू राहिलं, विगनमध्ये १९५२ पर्यंत. त्या काळचा 'कोच' म्हणजे आजचा सर्वेसर्वा नव्हे, हेही लिहा. बहुतेक क्लबांत संघनिवड संचालक मंडळ करी. प्रशिक्षकाकडे सराव, डावपेच आणि मैदानावरचे निर्णय. खेळता प्रशिक्षक फुलबॅक असला तर एक सोय होते: सगळ्यांच्या मागे उभा असल्याने दोन्ही संघांची रांग त्याच्या डोळ्यांसमोर असते. आघाडीच्या फळीत डोकं घातलेल्या माणसाला हे दिसत नाही.

या काळातली विगनची मोठी जेतेपदं: अजिंक्यपद १९३४ (सॅल्फर्डवर १५-३), १९४६, १९४७, १९५०, १९५२, चॅलेंज कप १९४८ आणि १९५१. यातलं १९५० चं मला सगळ्यात जास्त प्रशिक्षकाचं वाटतं. विगनचे आठ खेळाडू ब्रिटिश संघाबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेले. उरलेल्यांना आणि राखीव पोरांना घेऊन अंतिम सामन्यात हडर्सफील्डला २०-२ हरवलं. आठ जण गेले की नुसती माणसं जात नाहीत, स्क्रमच्या खुणा, पासांच्या जोड्या, कोण कोणाच्या मागे धावणार हे सगळं जातं. ते काही आठवड्यांत पुन्हा बसवायचं म्हणजे राखीव संघालाही वर्षभर तीच चाल शिकवलेली हवी.

१९५२ ला तो शेजारच्या सेंट हेलेन्सला गेला. विगन आणि सेंट हेलेन्स यांचं वैर माहीत असणाऱ्याला हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. पहिल्याच हंगामात १९५३ चं अजिंक्यपद (हॅलिफॅक्सवर २४-१४), पण त्याच वर्षी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हडर्सफील्डकडून १०-१५ हार. सेंट हेलेन्सने कपाचा अगदी पहिला, १८९७ चा अंतिम सामना हरला होता, मग १९१५, १९३० आणि आता १९५३. अखेर १९५६ ला हॅलिफॅक्सवर १३-२ करून पहिल्यांदा कप मिळवला. १९५९ ला पुन्हा अजिंक्यपद, हन्स्लेटवर ४४-२२, टॉम व्हान व्होलेनहोव्हेनचे तीन ट्राय. अॅलेक्स मर्फी नावाचा सोळा वर्षांचा स्क्रम-हाफही (स्क्रममागे चेंडू उचलणारा) सुलिव्हनच्याच काळात क्लबात आला. सेंट हेलेन्सनंतर रॉचडेल हॉर्नेट्स, आणि १९६१ ला थोडा काळ परत विगन.

जाता जाता: 'हॉल ऑफ फेम'च्या १९८८ च्या पहिल्या नऊ जणांत तो आहे.

पानगळ:

एकाच फेरीत एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून तीन किरकोळ शंका. (अ) "वेम्बलीवर पहिले गुण सुलिव्हनचे" हे खरं का? (आ) १९३२ च्या दौऱ्यातल्या कसोट्या कुठे 'इंग्लंड'च्या दिसतात, कुठे 'ग्रेट ब्रिटन'च्या. (इ) "६०२२ हा जागतिक विक्रम" असं लिहू का?

आकडेमोड:

(अ) खरं. ४ मे १९२९, वेम्बलीवरचा पहिला चॅलेंज कप अंतिम सामना. विगन १३, ड्यूसबरी २, प्रेक्षक ४१,५००. सुरुवातीलाच सुलिव्हनच्या पेनल्टी गोलाने खातं उघडलं. पण "वेम्बलीवरचा पहिला ट्राय" लिहिलंत तर चूक, तो सिड अॅब्रमचा. विगनचे तीन ट्राय आणि दोन गोल: ९ + ४ = १३. गोल आणि ट्राय यांची गल्लत मराठीत फार होते, कारण दोन्हींना आपण बिनधास्त 'गोल' म्हणतो.

(इ) लिहू नका. गुणांत नील फॉक्स पुढे गेला, ६२२० वर. त्याच्याकडे ट्राय ३५८. सुलिव्हनचा जो आकडा ब्रिटिश रग्बी लीगमध्ये अजून कोणाला गाठता आलेला नाही तो २८६७ गोलांचा. विक्रम म्हणायचं तर त्याला म्हणा.

उत्तरवारा:

(आ) संघ एकच. ऑस्ट्रेलियातली त्या वेळची वर्तमानपत्रं त्याला सर्रास 'इंग्लंड' म्हणत. आजच्या नोंदींत त्या कसोट्या ग्रेट ब्रिटनच्या खात्यात आहेत. वर आकडेमोड यांनी दिलेले इंग्लंडचे ३ सामने यापेक्षा वेगळे, त्यामुळे जुनी कात्रणं बघून कसोट्या दोनदा मोजू नका.

दौऱ्यांचं असं मांडा: १९२४ आणि १९२८ ला जॉन्टी पार्किनच्या हाताखाली, १९३२ ला स्वतः कर्णधार. १९३२ चे तीन निकाल: सिडनीत ८-६, प्रेक्षक ७०,२०४; ब्रिस्बेनला ६-१५ हार, हीच ती धसमुसळेपणामुळे गाजलेली 'बॅटल ऑफ ब्रिस्बेन'; पुन्हा सिडनीत १८-१३. मालिका २-१. १९३६ च्या दौऱ्यासाठीही कर्णधारपद देऊ केलं होतं. बायकोच्या आजारपणामुळे त्याने नाकारलं आणि जिम ब्रोने नेतृत्व केलं. काही याद्यांत "चार दौरे" येतं ते या निवडीमुळे. गेला तीनदाच.

लंगडीपटू:

सुरुवातीच्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट टाका, नाहीतर वाचकाला कळणार नाही की वेल्समधल्या कार्डिफचा मुलगा लँकाशायरमध्ये, म्हणजे विगनला, काय करत होता. तेव्हा युनियनमध्ये खेळाचे पैसे घेणं वर्ज्य होतं, आणि लीगशी करार केला की युनियनचे दरवाजे कायमचे बंद. सुलिव्हन सतराव्या वर्षीच बार्बेरियन्सकडून (युनियनच्या निमंत्रित खेळाडूंचा संघ) खेळला होता. १९२१ ला विगनने ७५० पौंड दिले आणि तो उत्तरेला गेला. त्यामुळे वेल्सच्या युनियन संघात तो कधीच नाही. त्याचे वेल्सचे २६ सामने सगळे लीगचे. चौकटीत "वेल्स: २६" एवढंच लिहिलं तर कोणीतरी ते युनियनचे समजून दुरुस्त करणार, म्हणून "वेल्स (लीग): २६" असं लिहा.

पानगळ:

चौकट बदलली: विगन ७७४ सामने, ८३ ट्राय, २३१७ गोल, ४८८३ गुण, एकूण ९२८, ९६, २८६७, ६०२२, युद्धकाळाचा खुलासा खाली. ट्राय ३ गुणांचा ही टीपही टाकली. 'फुलबॅक'ला मराठी शब्द शोधत होतो, सोडून दिला.

लंगडीपटू:

बरं केलंत. 'पिछाडीचा रक्षक' लिहिलं असतंत तर लोकांना हॉकी वाटली असती.